स्वतंत्र घड्याळजी आणि हाताने घडवलेली घड्याळं: कला नेमकी कुठे असते?

निळा_स्क्रू (धागाकर्ती)

मोठ्या कंपन्यांच्या घड्याळांवर इथे भरपूर लिहून झालंय. पण एकटा माणूस, फार तर चार-सहा जणांची कार्यशाळा, अख्खं घड्याळ स्वतः घडवते, त्यावर धागा सापडला नाही. म्हणून हा काढते आहे.

सुरुवात जॉर्ज डॅनियल्स (१९२६–२०११) यांच्यापासूनच करायला हवी. घड्याळ बनवणं हे पूर्वापार वाटून केलेलं काम. एक जण चाकं कापणार, दुसरा केस (घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच) ठोकणार, तिसरा तबकडी, चौथा काटे. शेवटी ज्याचं नाव तबकडीवर येतं त्याने बरेचदा फक्त जुळणी आणि तपासणी केलेली असते. डॅनियल्सनी हे सगळे हुन्नर एकट्याने शिकायचं ठरवलं. त्यांचं पहिलं घड्याळ १९६९ चं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सेकोने पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यांत्रिक घड्याळांचा धंदा पार बसला. कारखाने बंद पडत होते आणि हा माणूस आधी लंडनमध्ये, नंतर आइल ऑफ मॅन बेटावर, पितळ-पोलादाच्या कच्च्या मालातून एकेक घड्याळ उभं करत होता.

त्यांच्याकडे रॉजर स्मिथ नावाचा तरुण आपण बनवलेलं खिशातलं घड्याळ दाखवायला गेला. डॅनियल्सनी ते पाहिलं आणि नापसंत केलं. कारण काय, तर ते हाताने केल्यासारखं दिसत होतं! स्मिथने परत पहिल्यापासून सुरुवात केली. दुसरं घड्याळ, तेही टूर्बियाँ (चाल राखणारे भाग बसवलेला फिरता पिंजरा) आणि शाश्वत दिनदर्शिका (महिन्यांचे कमी-जास्त दिवस आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणारी) असलेलं, पुरं व्हायला पाच वर्षांहून जास्त लागली. १९९८ मध्ये ते डॅनियल्सच्या हाती आलं तेव्हा त्यांनी एकेका भागावर बोट ठेवून हे कोणी केलं, ते कोणी केलं, असं विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, मी केलं. त्यानंतर डॅनियल्सनी त्याला आपल्याबरोबर कामाला घेतलं.

मला या हकिकतीत चिकाटीपेक्षा ते पहिलं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. कानशीचा ओरखडा, किंचित कललेली कड, भोकात तिरका बसलेला स्क्रू, यांना आपण प्रेमाने 'हातकामाची खूण' म्हणतो. डॅनियल्सच्या लेखी तो कच्चेपणा होता. हात इतका तयार हवा की वस्तूवर त्याचा माग उरू नये.

आता याच्या अगदी समोर फिलिप ड्यूफूर. स्वित्झर्लंडच्या व्हॅली द जू खोऱ्यातले, जन्म १९४८. त्यांचं 'सिंप्लिसिटी' हे घड्याळ २००० सालचं. तीन काटे, बाकी काही नाही. पण पालथं करून मागच्या काचेतून पाहिलं की पुलांच्या कडा अशा घासलेल्या दिसतात की यंत्राला ते जमणार नाही हे लगेच कळतं. इथे हाताचा माग लपवलेला नाही, उलट तोच पाहायला लोक भिंग घेऊन बसतात.

दोघंही या कलेच्या शिखरावरचे मानले जातात. मला वाटतं त्यांच्यात विरोध नाही. दोघांनाही चूक दिसू द्यायची नाही. फरक इतकाच की ड्यूफूर यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेलेली जागा उघड ठेवतात. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या मते घड्याळातली खरी कला कोणत्या जागी असते?

सावली_३

मस्त धागा, वाचतेय. एक अगदी प्राथमिक प्रश्न. कडा घासलेल्या दिसतात म्हणजे नक्की काय दिसतं? यंत्राला का जमणार नाही? फोटोत तर सगळंच चकचकीत दिसतं.

रंधा_कानस

सावली, हे माझ्या कामाच्या जवळचं आहे, म्हणून मी सांगतो. (मी यंत्रशाळेत असतो, घड्याळात नाही.)

घड्याळाच्या आत चाकांना वरून धरून ठेवणारे धातूचे तुकडे असतात, त्यांना पूल म्हणतात. पुलाचा वरचा सपाट भाग आणि उभी बाजू जिथे मिळतात तिथली धार तासून ४५ अंशांची अरुंद पट्टी काढतात आणि तिला आरशासारखी झिलई देतात. ही पट्टी सगळ्या वळणांवर एकाच रुंदीची राहायला हवी. बाहेर आलेला कोपरा यंत्र करू शकतं. प्रश्न येतो आत गेलेल्या कोपऱ्याचा, म्हणजे दोन पट्ट्या दरीसारख्या एकमेकींना भिडतात तिथे. यंत्राचा कटर गोल फिरतो. कितीही बारीक घेतला तरी त्याला त्रिज्या असतेच, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात तो गोलाई सोडतो. तिथे एका रेघेत मिळणारी टोकदार खाच हवी असेल तर बारीक कानस घेऊन हातानेच जावं लागतं. मग झिलईही हातानेच, कारण फिरती चकती तिथे पोचत नाही. ड्यूफूर आणि त्या खोऱ्यातले जुने कारागीर यासाठी जेंशन नावाच्या डोंगरी झाडाची वाळलेली काडी वापरतात. तिला हवं तसं टोक काढता येतं, हिऱ्याची पूड ती धरून ठेवते आणि धातूला ओरखडा पाडत नाही.

म्हणून जाणकार माणूस घड्याळ पालथं करून आधी असे आतले कोपरे मोजतो. आता काही कंपन्यांनी पुलांचे आकारच असे बेतलेत की आतला कोपरा येऊच नये. सगळी वळणं गुळगुळीत. झिलई छान असते, पण अवघड जागा आधीच टाळलेली असते.

सावली_३

आता कळलं! परत जाऊन सगळे फोटो पाहिले. दोन ठिकाणी सापडले कोपरे.

कमानवाला

घड्याळदुरुस्ती हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कोपरे, पट्ट्या, सगळं सुंदर आहेच. पण तो घड्याळाचा चेहरा झाला. माझं मत विचाराल तर कला बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलत घड्याळाची चाल ठरवणाऱ्या चाकाच्या, आसाच्या टोकाशी असते. ते टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही बारीक. जुन्या पद्धतीच्या संथ घड्याळात बॅलन्स तासाला १८,००० ठोके घेतो, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. तेवढ्या वेळा ते टोक माणकाच्या खड्यात इकडून तिकडे फिरणार. ते लेथवर नुसतं कातून भागत नाही. कातल्यावर त्याच्यावर कडक पोलादाची सपाट पट्टी दाबून फिरवतात. त्याने धातू निघत नाही, वरचा थर दाबला जाऊन घट्ट आणि गुळगुळीत होतो. दाब थोडा जास्त झाला की टोक मोडलं, कमी पडला तर काही वर्षांत झिजलं. चांगल्या हाताने दाबलेलं टोक भिंगाखाली काळसर चमकतं. घड्याळ बंद केल्यावर ते कुणालाच दिसत नाही.

दुसरी जागा हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सला डोलवणाऱ्या केसासारख्या वेटोळ्या कमानीची. तिचं शेवटचं वेटोळं वर उचलून आतल्या बाजूला वळवतात. ही अब्राहम-लुई ब्रेगे या जुन्या नामांकित घड्याळजीची युक्ती, १७९० च्या दशकातली. त्यामुळे कमान श्वास घेतल्यासारखी सगळीकडून सारखी उघडते-मिटते आणि घड्याळ उभं धरा की आडवं, चालीत फरक कमी पडतो. ते वळण दोन चिमट्यांनी हाताने द्यायचं. कारी व्होउतिलाइनेन हे फिनलंडचे, पण स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे घड्याळजी. ते बाहेरच्या टोकाला हे वळण देतातच, शिवाय आतल्या टोकालाही ग्रोसमान नावाचं वेगळं वळण देतात. ग्राहकाच्या नजरेला त्याने काहीच फरक पडत नाही. माझ्यासारख्याला मात्र ते पाहून हात जोडावेसे वाटतात.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. 'सगळं हाताने' म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे जण हेअरस्प्रिंग स्वतः बनवतात. ती तार ज्या मिश्रधातूची असते तो तापमान बदललं तरी आपली लवचीकता फारशी बदलत नाही. या जातीच्या मिश्रधातूंवरच्या कामासाठी शार्ल एदुआर गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. असा धातू वितळवायचा, केसाएवढा ओढायचा, चपटा करायचा, हे कार्यशाळेतलं काम नव्हे. त्यामुळे स्विस घड्याळांतल्या बहुतेक हेअरस्प्रिंग एकाच कंपनीकडून, निव्हारॉक्सकडून येतात. माणकाचे खडे कृत्रिम, नीलमण्याची काच बाहेरची. यात कमीपणा काहीच नाही. पण लपवू नये.

अष्टकोन

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये.

हातकामाबद्दल बोलताना आपण तासांची बेरीज करत बसतो, हे मला पटत नाही. ग्रूबेल फॉर्सी या कंपनीने २०१९ मध्ये 'हँड मेड १' आणलं. कंपनीच्या सांगण्यानुसार ९५ टक्के भाग हाताने चालवायच्या अवजारांवर केलेले आणि एका घड्याळाला ६,००० तास. वर्षाला दोन-तीनच बनतात. मान्य. पण ६,००० तास लागले म्हणून वस्तू कला ठरते का? वाईट कवितेलाही कवी सहा वर्षं घेऊ शकतो. वेळ दाखवण्याचं काम तर साधं क्वार्ट्‌झ याहून अचूक करतं. डॅनियल्सचं 'स्पेस ट्रॅव्हलर' २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात ३६ लाख पौंडांना गेलं. ही किंमत कलेची, की दुर्मिळपणाची?

निळा_स्क्रू (धागाकर्ती)

अष्टकोन, राग कसला, हा मुद्दा यायलाच हवा होता. तासांबद्दल तुमच्याशी सहमत आहे. नुसते तास ही बढाई आहे. लिलावाच्या किमतीत दुर्मिळपणा मोठा असतो हेही मान्य.

पण 'अचूकता नाही तर मग कशासाठी' याचं उत्तर डॅनियल्सच्या कामातच आहे. एस्केपमेंट म्हणजे कमानीची ताकद ठोक्याठोक्याने बॅलन्सला देणारी रचना. नेहमीच्या लीव्हर एस्केपमेंटमध्ये चाकाचा दात खड्याच्या उतारावरून घसरतो आणि त्या घसरण्यातून बॅलन्सला ढकल मिळते. घसरण आली की घर्षण आलं, म्हणजे तिथे तेल हवं. तेल काही वर्षांत घट्ट होतं, सरकतं, आणि घड्याळाची चाल बिघडते. अडीचशे वर्षांचं हे दुखणं. डॅनियल्सनी १९७० च्या दशकात को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंट काढली. तीत दात घसरण्याऐवजी जवळपास सरळ ढकलतो, त्यामुळे त्या जागी तेलावर भिस्त फारशी राहत नाही. हे काम संगणकावरचं नाही. स्वतः दात कापणाऱ्या, स्वतः तेल घालणाऱ्या, आणि तेच घड्याळ पुढे उघडून तेलाचं काय झालं ते पाहणाऱ्या माणसाला सुचलेलं आहे. स्विस कंपन्यांचे उंबरे झिजवण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली. शेवटी १९९९ मध्ये ओमेगाने ती एस्केपमेंट कारखान्यात आणली. एका माणसाच्या बाकावरचा विचार आज असंख्य मनगटांवर चालतोय.

दुसरं उदाहरण जपानचे मासाहिरो किकुनो. जुन्या जपानी पद्धतीत दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग असत. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांब, रात्रीचा आखूड, हिवाळ्यात उलट. १८७३ मध्ये जपानने ही पद्धत सोडली. किकुनोंनी ती मनगटी घड्याळात आणली आहे. तबकडीवरच्या खुणा ऋतूप्रमाणे आपोआप एकमेकींजवळ येतात नाहीतर लांब जातात. क्वार्ट्‌झशी याची तुलना करताच येत नाही, कारण इथे वेळेकडे बघण्याची पद्धतच वेगळी आहे. मला ही कला वाटते, आणि त्यांना किती तास लागले याच्याशी मला कर्तव्य नाही.

अष्टकोन

किकुनोंचं माहीत नव्हतं. शोधून पाहिलं. हे मान्य करतो, पूर्णपणे मान्य.

रंधा_कानस

आता यंत्राच्या बाजूने थोडं. सीएनसी (संगणकाने चालणारं कापयंत्र) म्हणजे बटण दाबलं की घड्याळ, असा समज दिसतो. पुलाचा कच्चा आकार सीएनसीवर कापला तर त्यात अप्रामाणिक काही नाही. भोकांमधलं अंतर मायक्रॉनमध्ये जुळलं की चाकं नीट मिळतात, आणि ते यंत्र चांगलंच करतं. बऱ्याच स्वतंत्र कार्यशाळा ते वापरतात आणि तसं सांगतातही. माझा आक्षेप आहे तो यंत्राने काढलेल्या पट्टीला हाताची म्हणून विकण्याला.

मात्र केवळ हाताने करण्याचा अट्टहास एका कारणासाठी मला पटतो. ड्यूफूर, रोबेर ग्रूबेल आणि स्टीफन फॉर्सी यांनी मिळून मिशेल बूलांजे या घड्याळशास्त्राच्या शिक्षकाला जुन्या हातपद्धतींनी एक घड्याळ पहिल्यापासून करायला लावलं. उद्देश विक्रीचा नव्हता. कौशल्यं पुस्तकात राहतात आणि बोटांतून जातात, म्हणून ती एका शिकवणाऱ्याच्या बोटांत उतरवायची, म्हणजे पुढे विद्यार्थ्यांकडे जातील. प्रकल्पाचं नाव 'नेसांस द्यून मोंत्र' (एका घड्याळाचा जन्म), आणि त्यातलं एक घड्याळ २०१६ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात विकलं गेलं. २०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या यांत्रिक घड्याळनिर्मितीच्या कौशल्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेही याच काळजीपोटी.

मोरपीस

तबकडीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. मी धातूवर कोरीवकाम करते.

गिलोशे म्हणजे तबकडीवरची ती बारीक लाटांची, जाळीची नक्षी. ब्रेगेने अठराव्या शतकाच्या शेवटी ती घड्याळात रूढ केली, आणि नुसत्या शोभेसाठी नाही. खरखरीत नक्षीने चकाकी मरते, आणि तास कुठे, सेकंद कुठे, हे वेगवेगळ्या नक्षीमुळे झटकन कळतं. आता बऱ्याच तबकड्यांवर ही नक्षी साच्याने दाबलेली असते. खरी गिलोशे हाताने फिरवायच्या यंत्रावर होते. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने छिन्नीवर दाब द्यायचा. रेघा शेकडो असतात आणि सगळ्यांचा दाब सारखा हवा, कारण दाब बदलला की खोली बदलते आणि उजेडात तो पट्टा वेगळा दिसतो. शेवटून तिसऱ्या रेघेला हात हलला तर तबकडी भंगारात. खोडरबर नसतो. आणि ही यंत्रं बहुतेक शंभर वर्षांपूर्वीची. तीच शोधून, दुरुस्त करून वापरतात.

कापलेली आणि दाबलेली नक्षी ओळखायची असेल तर रेघेची कड पाहा. कापलेल्या रेघेला धार असते आणि उतार आरशासारखे असतात, त्यामुळे तबकडी कलती केली की उजेड तिच्यावरून धावतो. दाबलेल्या रेघेच्या कडा मऊ असतात आणि उजेड जागच्या जागी मंद राहतो.

केसचंही तसंच. रेजेप रेजेपी हे कोसोव्होत जन्मलेले, जिनिव्हात 'अक्रिव्हिया' चालवणारे घड्याळजी. त्यांनी झाँ-पिएर हागमान या निवृत्त झालेल्या नामांकित केसकारागिराला आपल्या कार्यशाळेत बोलावून घेतलं. कानशिलासारखे पट्टाधारक वेगळे घडवून केसला डाखायचे ही जुनी रीत तिथे पुन्हा सुरू झाली. मला रेजेपींच्या बाकी सगळ्या कामापेक्षा हा निर्णय मोठा वाटतो.

सावली_३

मोरपीस, फारच छान. पण सामान्य माणसाला ही घड्याळं हातात मिळणार नाहीत. फोटोवरून पारखायचं कसं?

कमानवाला

फोटोपेक्षा व्हिडिओ बघा. काळी झिलई नावाचा प्रकार फोटोत कळतच नाही. पोलादाचा छोटा तुकडा कथलाच्या पट्टीवर हिऱ्याची पूड लावून घासत राहायचा, इतका सपाट होईतो की उजेड एकाच दिशेने परतावा. मग तो एका कोनातून पांढराफेक दिसतो आणि जरा कलला की डांबरासारखा काळा. मधली करडी छटा दिसली तर काम अर्धवट आहे. धुळीचा एक कण मध्ये आला तरी ओरखडा पडतो आणि सगळं पहिल्यापासून.

मग स्क्रूकडे बघा. डोक्यावरच्या खाचेच्या कडाही तासलेल्या आहेत का? स्क्रू निळे असतील तर सगळ्यांची निळाई एकसारखी आहे का? (धागाकर्तीच्या नावाला साजेसं.) झिलई दिलेला पोलादी स्क्रू पितळेच्या भुशावर ठेवून खालून आच देतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास गडद निळा. क्षणभर उशीर झाला की फिकट राखाडी होतो आणि परत घासून सुरुवात. रसायनाने निळे केलेले स्क्रू उजेड बदलला तरी एकाच निळ्यावर अडून राहतात. आचेवरचे कधी काळे दिसतात, कधी लख्ख निळे.

अष्टकोन

माझा अजून एक प्रश्न, यावेळी आक्षेप नाही. कारागीर गेल्यावर त्याचं घड्याळ दुरुस्त कोण करणार? कारखान्याचे सुटे भाग नाहीत, नकाशे कदाचित त्याच्या डोक्यातच.

कमानवाला

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. उत्तर थोडं उलटं आहे. कारखान्याच्या घड्याळाचा भाग बंद झाला की आम्ही अडतो, कारण तो ज्या यंत्रावर निघायचा ते यंत्र आमच्याकडे नसतं. हाताने केलेला भाग मात्र तशाच अवजारांनी पुन्हा करता येतो. मोडलेला भाग समोर ठेवायचा, मापं घ्यायची, आणि बसायचं. हवा असतो तो तयार हात. डॅनियल्स गेले तेव्हा त्यांची कार्यशाळा स्मिथकडे आली. १९८१ मध्ये डॅनियल्सनी घड्याळ कसं बनवायचं यावर ग्रंथही लिहून ठेवला होता, सगळ्या आकृत्यांसकट. म्हणजे अवजारं आहेत, लेखी ज्ञान आहे आणि शिकलेला माणूसही आहे. ज्या स्वतंत्र घड्याळजीने कुणालाच शिकवलेलं नाही त्याच्या घड्याळांची मला धास्ती वाटते. विशेषतः ज्यांत एस्केपमेंट त्याच्याच कल्पनेची आहे आणि कुठे नोंद नाही, अशांची.

निळा_स्क्रू (धागाकर्ती)

कमानवाला, म्हणूनच १९८५ मध्ये स्वेंड अँडरसन आणि व्हिन्सेंट कालाब्रेझे यांनी स्वतंत्र घड्याळजींची अकादमी काढली हे मला मोलाचं वाटतं. एकट्याने काम करणारी माणसं निदान एकमेकांना ओळखतात, नव्यांना पारखून सोबत घेतात.

तुम्ही शिकवलेल्या माणसाचं म्हणालात, त्यावर जरा सविस्तर लिहाल का? तुमच्याकडे जुनं, भाग न मिळणारं घड्याळ आलं की तुम्ही भाग बनवायला कसे बसता, पहिलं माप कुठून घेता? वेगळा धागा काढलात तरी चालेल, इथे दुवा द्या.

कमानवाला

काढतो. आसाचं टोक मोडलेलं एक घड्याळ सध्या बाकावर आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करतो. पहिलं माप टोकाचं घेतच नाही, खड्याच्या भोकाचं घेतो, आणि टोक त्याहून किंचित बारीक ठेवतो. बाकी तिकडे लिहितो, फोटोंसकट.